अठरा मेंढ्या आणि माझा शरद ऋतू

शरद ऋतू नेमका कोणत्या दिवशी संपतो, हे आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावात मी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले आहे. (पुरावा म्हणून अठरा मेंढ्या कुडकुडत हजर होत्या.)

त्या वर्षी सोयाबीनच्या काढणीपायी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लोकर कातरायला उशीर झाला. शरद असेल तर कातरायची. हिवाळा लागला असेल तर माघापर्यंत थांबायचे. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एमएस्सी होऊन आले होते. प्रश्न दिसला की मी उत्तर देते. तो मला विचारलेला असावा, अशी माझी अट नसते.

“ताई, मेंढ्या एकमेकीला चिकटून बसून राहिल्या. हिव आलं वाटते,” आबा म्हणाले.

“आबा, वाटणे म्हणजे मापन नव्हे!”

मी मागच्या भिंतीवर तापमापी टांगली. आठ दिवस पहाटे सहाला नोंद घेतली. पारा चोवीस अंशांखाली एकदाही उतरला नाही! आलेख काढला. निष्कर्ष: शरद. आबांनी आधी आलेखाकडे पाहिले, मग मेंढ्यांकडे, मग शिकलेल्या लेकीकडे, आणि कात्री उचलली.

संध्याकाळपर्यंत अठराही मेंढ्या गुळगुळीत झाल्या. पहाटे त्यांचे दात वाजत होते. मी धावत तापमापीकडे गेले. सव्वीस!

“माय, ही भिंत गरम काहून?” (घाईत माझी प्रमाणभाषा सुटली.)

“पल्याड न्हाणीची चूल हाय नं! रोज पाचाला तुझंच पाणी तापवून राहिले मी,” आई म्हणाली.

आठ दिवस मी ऋतू नव्हे, स्वतःच्या आंघोळीचे पाणी मोजत होते!

“आलेख ठेव अन् मेंढ्या झाक! एक जरी दगावली ना...” आबा ओरडले. घोंगड्या दोघींना पुरल्या. माझा स्वेटर एडक्याला गेला (त्याला तो माझ्यापेक्षा बरा बसला). उरलेल्या पंधराजणींना हळदीची रिकामी पोती बांधली. दवाने पोती भिजली. ऊन आल्यावर सोडली, तर पंधराही मेंढ्या पिवळ्याधमक!

शेजारचे सखारामकाका रस्त्यातच थांबले. “काहून रे, पंधरा लग्नं एकाच मांडवात?”

“न्हाई,” आबा गंभीरपणे म्हणाले, “आमची ताई प्रयोग करून राहिली.”

सुदैवाने एकीलाही साधी शिंक आली नाही. हल्ली मी हिंगोलीला असते. दिवाळी सरली की आबा आवर्जून फोन करतात, “ताई, हिवाळा लागला का?” मी साधार, सविस्तर उत्तर देते. आबा ते शांतपणे ऐकतात आणि बरोबर उलटे करतात. न चुकता चुकणारे साधन भरवशाचे मानावे, असे मापनाचे तत्त्व आहे. त्या हिशेबाने सबंध तालुक्यात माझ्याइतके भरवशाचे साधन दुसरे नाही!