शकूच्या साडीचा पदर

अंगात येणं, बाधा, नजर... यातलं काही मी मानत नाही. आजही नाही! हिशेबाची नोकरी करणारा माणूस आहे. बेरीज जुळली नाही तर चूक माझी, असंच समजत आलो. म्हणून जेवढं डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, तेवढंच लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेळगावात वडगावला आमचं विणकराचं घर — पुढच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, मागं स्वयंपाकघर. मी विणकरांच्या सोसायटीत अकाउंट्स बघायचो. माग आईचा, आणि तिच्या हाताखाली माझी धाकटी बहीण शकू. शकूचं लग्न ठरलं तशी आईनं तिच्यासाठी साडी मागावर घेतली. अंग विणून झालं, पदर तेवढा राहिला, त्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर तसाच — आणि आई गेली.

थोरली काकू म्हणाली, "गेलेल्या माणसाचा अर्धा ताणा घरात ठेवत न्हाईत गं. काप आणि नदीत सोड."

"कापायचं न्हाय," शकू म्हणाली. "हीच नेसून लग्नाला उभी ऱ्हाणार मी."

दिवसकार्य उरकल्यावर ती मागावर बसली. आडवा धागा नेणारा धोटा टाकला की उभा धागा तुटायचा. गाठ मारायची, पुन्हा टाकायची, पुन्हा तुटायचा... मी सुताला खळ जास्त देऊन पाहिली. ताण सैल केला. पायानं दाबायच्या दोन्ही पावड्या झिजल्या होत्या, त्या सुताराकडून नव्या करून बसवल्या. दोष कुठंच सापडेना. लग्न जवळ येत चाललं. शकू मात्र हटेना. रोज बसायची, रोज वीतभरसुद्धा पुढं सरकायची नाही.

अशात एलिना आली. फिनलंडची विद्यार्थिनी, विणकामच शिकणारी. लोकांच्या घरी राहत, त्यांच्यात जेवत देश बघत फिरत होती. कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्रानं तिला आमच्याकडं पाठवलं. तिला पहिला मराठी शब्द आला तो "बास" — कारण शकू भाकरी वाढायची थांबायचीच नाही. पण एलिनाला नुसतं बसून जेवणं जमेना. तिच्या घरी म्हणे पाहुणाही कामाला हात लावतो. एका रविवारी सकाळी तिनं मागाकडं बोट करून विचारलं, "मी?"

दारातून शेजारीण म्हणाली, "हिला माग येतोय व्हय? का फोटूपुरतं?"

"बसू दे," शकू म्हणाली. "माझ्यानं तर हुईना झालंय. हिच्यानं आणि काय बिघडायचंय?"

मी मागं स्वयंपाकघरात चहा घेत होतो, शकू भाकरी थापत होती. माग सुरू झाला आणि कप तसाच हातात राहिला. खट् खट्... खट्. खट् खट्... खट्. प्रत्येक विणकराचा ठेका वेगळा असतो, घरच्यांना तो पाठ असतो. आईचा डावा पाय लहानपणी मोडला होता, तो जरा उशिरा पडायचा. हा ठेका आईचा होता.

शकू पिठाच्या हातानं पुढच्या खोलीत धावली. एलिना विणत होती... आणि एकही धागा तुटत नव्हता!

थोड्या वेळानं ती थांबली, माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाली, "डावा पाय आपोआप थांबतोय. घाई केली की धागा ताणतो. तुमच्या आईचा डावा पाय दुखायचा का?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुणी सांगितलं?" कुणीच नाही, ती म्हणाली. आईचा फोटोही घरात नव्हता. जुन्या पावडीची झीज बघून तिनं ओळखलं असतं, पण पावड्या नव्या होत्या.

शकूला रडू आलं, पण रागाचं. "माझी आई हाय. माझ्या हाताला न्हाय येत, आणि हिच्या येती?"

एलिनानं तिला शेजारी बसवलं आणि तिच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. हाताच्या दाबानंच सांगत राहिली: थांब... आता. थांब... आता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुपारपर्यंत शकूला तो ठेका साधला, आणि धागा टिकला. पुढं रोज दोघी आळीपाळीनं बसत. शेवटचा भाग उरला तेव्हा शकूनं सगळ्यांना बाहेर काढलं, एलिनालासुद्धा. आम्ही गल्लीत उभं राहून ठेका ऐकत होतो. ती साडी हातावर घेऊनच बाहेर आली.

आत काय झालं, विचारलं तर म्हणाली, "तुझ्या हिशेबात बसायचं न्हाय, अण्णा."

ठेका हळू म्हणून धागा टिकला, असं मी मनाला सांगून पाहिलं. पण त्याच मागावर शकूनं पुढच्या साडीचा ताणा आपल्या नेहमीच्या वेगानं विणला, आणि काही तुटलं नाही. मग त्या पदरालाच काय झालं होतं? इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

लग्नात शकू तीच साडी नेसली. जेवणावळीत काकूनं पदर बोटांत धरून बघितला. "काप म्हणलेली मी... कुणी विणला गं ह्यो?"

शकूनं शेजारी मांडी घालून बसलेल्या एलिनाच्या पानात पोळी वाढली आणि म्हणाली, "आमी तिघींनी."