खिडकी उघडी होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — आईला नाही, आणि नांदेडच्या या उपचार केंद्रात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांना तर नाहीच.

मी इथे एचआयव्हीच्या रुग्णांना औषध देणारी डॉक्टर आहे. परवा देगलूरकडची एक बाई म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं बी मिळतंय की औषध. पण तिथं समदे वळखतेत. म्हणून इथवर यष्टीनं येते.” मी मान डोलावली. तिची भीती मला पुस्तकातून कळलेली नाही — म्हणूनच मला तिच्याकडे नीट पाहवलं नाही.

मी निलंग्याची. लातूरच्या शिकवण्यांत घडले आणि डॉक्टर होण्यासाठी युक्रेनला गेले. तिथे ओलेनाच्या घरी खोली घेतली. ती चाळिशीची. पूर्वी सुईने नशा करायची. त्यातूनच तिला एचआयव्ही जडला. आता नशेऐवजी दवाखान्यात रोज मिळणाऱ्या पर्यायी औषधावर ती सावरली होती, आणि एचआयव्हीची गोळी तिने कधी चुकवल्याचं मला आठवत नाही. आई फोनवर विचारायची, “काय करायलीस? जेवलीस का गं?” — ते ऐकून ऐकून ओलेनाही शिकली. मी दमून दार उघडलं, की बिटाच्या रश्श्याच्या वाफेतून तिचा आवाज यायचा: “जेवलिस काग?” त्या स्वयंपाकघराची मला आजही ओढ लागते. घराची लागावी तशी. किंबहुना, हे लिहिताना जाणवतं — घरापेक्षाही जास्त.

मग युद्ध आलं. तिचा दवाखाना बंद पडला. पर्यायी औषध तुटल्यावर अंग असं पिळवटतं, की माणसाला उभं राहवत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एचआयव्हीच्या गोळ्या वाटत आहेत असं कळलं, तेव्हा तिने आपलं उपचाराचं कार्ड माझ्या हाती दिलं. दुसरं कोण होतं तिला?

मी रांगेत उभी राहिले. बऱ्याच वेळाने खिडकी जवळ आली. एवढ्यात मागून ओळखीची हाक — उदगीरचा अमोल, माझ्याच वर्गातला. “काय मॅडम, हितं कुठं? ही लाईन सुयावाल्या बायांची हाय! निलंग्याला कळवू का?” तो हसला. केवळ थट्टा होती. उद्या सकाळी आम्हा विद्यार्थ्यांना सीमेपार नेणाऱ्या बसची बातमी देऊन तो पुढे गेलाही.

विषाणू कसा पसरतो, हे मी वर्गात सर्वांत आधी उत्तर देऊन सांगणारी मुलगी होते. मग मला नेमकी कशाची लागण होणार होती? बॉम्बस्फोटांच्या त्या शहरात मला भीती वाटली ती लातूरच्या बसस्टँडवर माझं नाव कुजबुजलं जाण्याची. मी रांग सोडली. माझ्यापुढे तेव्हा एकच बाई उरली होती.

पण हेही पूर्ण खरं नाही. एवढंच असतं, तर मी ते केव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले, “औषध संपलंय.”

रांग सोडली ही भीती होती. हे वाक्य मात्र मी विचार करून रचलं. आणि त्याचा परिणाम मला कळत होता. रिकाम्या हातांनी परतून खरं बोलले असते, तर ओलेना दुसऱ्या कुणाला पाठवू शकली असती, रांगत का होईना स्वतः गेली असती. मी तिच्याकडून तिथे जाण्याचं कारणच काढून घेतलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला — डॉक्टर होणार होते ना मी.

सकाळी मी निघताना ती भिंतीला धरून उठली. माझ्या पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी ठेवली. दारात थांबून विचारलं, “जेवलिस काग?” मी हो म्हणाले. तेही खोटंच.

तिच्या नंबरवर पाठवलेल्या माझ्या संदेशांपुढे आजही न पोचल्याची एकच खूण दिसते. ती आहे की नाही, मला माहीत नाही. आई आताही रोज फोनवर जेवणाचं विचारते, आणि उत्तर देण्याआधी मी क्षणभर थांबते — मागून तो दुसरा, मोडका आवाज येईल म्हणून.

औषध संपलं नव्हतं. खिडकी उघडी होती.