हिराबाईंची लेखी परीक्षा

हिरा ओव्हाळ मार्केट यार्डामागच्या तात्यारावांच्या दुकानात लागली ती झाडलोट करायला. पंपांच्या जळलेल्या मोटरी तिथं भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यायला, यायच्या. काही महिन्यांनी मोटरीतली जुनी तार उपसून काढायचं काम तिच्याकडे आलं. काळी पडलेली तार ओढता ओढता ती वेढे मोजायची, उगाच, वेळ जावा म्हणून. एकदा दुकानातले जुने कारागीर करीमभाई एका पंपाचे वेढे विसरले. हिरानं झाडू मारता मारताच आकडा सांगितला. करीमभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बस इथं," एवढंच म्हणाले.

झाडू काही सुटला नाही, पण निम्मा दिवस ती मोटरी भरू लागली. करीमभाई वारल्यावर सगळ्या मोटरी तिच्याकडेच आल्या. या सगळ्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

यंदा एका मोठ्या सोसायटीनं पंपांचं वर्षभराचं काम देण्याआधी विचारलं, प्रमाणपत्र असलेला कारागीर आहे का तुमच्याकडे? तात्याराव हिराकडे आले.

"हिराबाई, अनुभवावर परीक्षा घेतात म्हणे आता. सर्टिफिकेट तेवढं आणून द्या."

जणू कोपऱ्यावरून दूधच आणायचं होतं.

विश्रांतवाडीच्या घरी तिच्या मुलीनं, आम्रपालीनं, मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला. अनुभवाचं पत्र तात्यारावांनी दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'हेल्पर म्हणून कार्यरत.'

"आई, हेल्पर?"

"रजिस्टरात तसंच आहे," हिरा पोळी उलटत म्हणाली. "भर तू."

परीक्षा खडकीजवळच्या एका केंद्रात होती. आधी संगणकावर लेखी. पहिलाच प्रश्न आला, 'कुंडलनात विद्युतरोधकाचे कार्य कोणते?' तिनं तो तीनदा वाचला. खाचेत कागद न घालता तार बसवली तर काय होतं हे तिला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण हा प्रश्न त्याच कागदाबद्दल आहे, हेच तिला कळलं नाही. ती अंदाजानं बटणं दाबत गेली.

प्रात्यक्षिकाला माधव नावाचा तरुण परीक्षक होता. त्यानं समोर जळकी मोटर ठेवली. हिरानं ती उजेडाकडे वळवून आत बोट फिरवलं.

"सर, ही नुसती भरून उपयोग नाही."

"का हो ताई?"

"आत घासल्याची रेघ आहे बघा. बेअरिंग गेलंय. ते न बदलता भरली तर महिन्यात परत जळणार."

माधवनं स्वतः बोट फिरवून पाहिलं, मग हातातला तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"बरोबर आहे तुमचं. पण याला इथं गुणच नाहीत. तुम्ही भरा."

तिनं भरली. तो शेजारी उभा राहून शेवटपर्यंत बघत होता.

निकाल आला. प्रात्यक्षिकात शंभरपैकी शहाण्णव. लेखीत नापास.

"सव्वीस वर्षं काय केलंत मग?" तात्यारावांनी विचारलं. हिराकडे उत्तर होतं, पण संध्याकाळपर्यंत दोन मोटरी द्यायच्या होत्या.

फेरपरीक्षेसाठी आम्रपालीनं शब्दांची यादी करून दिली. कुंडलन म्हणजे वाइंडिंग. विद्युतरोधक म्हणजे आपला कागद. हिरा सकाळच्या बसमध्ये दांडीला धरून ती पाठ करायची. संध्याकाळी परतताना बसायला जागा मिळाली की दोन ओळींतच डोळे मिटायचे.

"आई, राहू दे ना. झेपत नाहीये तुला," आम्रपाली एकदा म्हणाली.

"नाहीच झेपत. पण आता सोडलं तर नापास म्हणूनच राहीन."

दुसऱ्या वेळी ती पास झाली. प्रमाणपत्र आलं त्याच दिवशी तात्याराव फ्रेम घेऊन आले आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळा ठोकू लागले.

"झेरॉक्स लावा," हिरा म्हणाली. "मूळ कागद माझा आहे."

"अहो, परीक्षेला सुट्टी कोणी दिली?"

"तुम्हीच दिलीत. दोन्ही वेळा पगार कापून."

तात्याराव खिळा ठोकायचे थांबले. हिरानं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"आणि हे हेल्पर खोडा."

"बघू, एक तारखेला."

ती स्टुलावर बसली, पण समोरच्या मोटरीला तिनं हात लावला नाही. दारात एक गिऱ्हाईक पंपासाठी ताटकळत उभं होतं. तात्यारावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पेन उघडलं.

"काय लिहू?"

"वाइंडर."

"आजपासून हं. मागचं काही नाही."

मागच्या सव्वीस वर्षांबद्दल खूप काही बोलता आलं असतं. त्या क्षणी तिच्यात तेवढा दम नव्हता. आनंद होईल असं वाटलं होतं, तोही फारसा झाला नाही. कंबर मात्र सकाळपासून दुखत होती. तात्यारावांनी लिहिलेला शब्द तिनं नीट वाचला, प्रमाणपत्र पिशवीत डब्याच्या बाजूला उभं ठेवलं आणि गिऱ्हाइकाला विचारलं,

"पंप आवाज करत होता का हो, बंद पडायच्या आधी?"