केसर तांडेलचा नारळ

दुपारचा पंखा फिरतो आहे. मांडीवर आईच्या शेवटच्या कादंबरीचे कागद आहेत आणि सर्वांत वर मी स्वतः लिहिलेलं एक पान. डोळे मिटण्याआधी ऐकू येते ती पंख्याची घरघर. मिटल्यावर तीच घरघर खालून, फळ्यांमधून यायला लागते. डिझेलचा वास येतो. म्हणजे मी पुण्यातल्या खुर्चीत नाही. दाभोळच्या लाँचमध्ये आहे, आणि समोरच्या बाकावर आई बसली आहे.

ती वैशाखात गेली, हे मला झोपेतही माहीत आहे. तिलाही माहीत असावं, पण ती विषय काढत नाही.

"पाय वर घे," ती म्हणते. "पाणी येतंय."

"लाँचमध्ये कसं पाणी येईल?"

"प्रकरणाची सुरुवात आहे. यायलाच हवं."

मी पाय वर घेते.

आई, म्हणजे हेमलता केळसकर, दाभोळला राहायची आणि खाडीपलीकडे वेलदूरला शाळेत शिकवायची. समुद्रावरच्या साहसाच्या तिच्या सगळ्या कादंबऱ्या या लाँचवर लिहिल्या गेल्या, असं मी म्हणते तेव्हा लोकांना तो अलंकार वाटतो. तो नाही. घरी लिहायची ते सगळं कच्चं. सकाळी इंजिनाच्या वरताण आवाजात ते ती लाँचवर वाचायची, मासे विकायला निघालेल्या बायकांपुढे. ऐकता ऐकता एखादी बाई शेजारणीला पापलेटचा भाव विचारायची. आई लगेच पेन्सिल काढून तिथे रेघ मारायची. सूर्यास्त, चांदणं, लाटांची वर्णनं, कितीतरी सुंदर गोष्टी त्या पापलेटांनी खाल्ल्या. जे उरलं ते असं धावतं की वाचणाऱ्याचा चहा गार होतो. मी आयुष्यभर वाचत आले, देशोदेशीचं वाचलं, वाचण्यावरच माझं पोट भरलं. पण इतके कडक संपादक दुसऱ्या कुठल्या लेखकाला लाभलेले मी पाहिले नाहीत.

आणि प्रकरण संपायचं ते लाँच धक्क्याला लागता लागता. केसर तांडेल, तिची नायिका, तेव्हा कड्यावरून लोंबकळत असायची किंवा तिच्या मानेवर सुरा असायचा. "पुढं काय, बाई?" बायका ओरडायच्या. आई वह्यांची पिशवी उचलायची आणि म्हणायची, "उद्या."

"सांग, केसर आता कुठे आहे?" आई विचारते.

तिच्या हातात खडू आहे. लाँचचे बाक शाळेचे बाक झालेत, फळ्यावर खाडीचा नकाशा आहे आणि त्यातली खाडी हलते आहे. मी उभी राहते.

"चाच्यांच्या गलबतावर. गलबत पेटलंय. तिची 'खंड्या' नावाची होडी दोर तुटून वाहत गेलीय."

"मग उडी का मारत नाही?"

"तळात कैदी कोंडलेत."

"इथवर मी लिहिलं होतं." आई खडू खाली ठेवते. "तू काय केलंस तिचं?"

वर्गात कुणी नाही, तरी सगळे माझ्याकडे बघताहेत असं वाटतं.

"बुडवलं," मी म्हणते. "गलबताबरोबर. तुझं शेवटचं पुस्तक. शेवट मोठा असावा असं वाटलं."

ती रागावत नाही. फक्त मागच्या बाकाकडे हात करते. "तिला वाचून दाखव."

मागच्या बाकावर टोपली पायाशी घेऊन चंपाबाय बसली आहे. चंपाबाय जिवंत आहे, अजून रोज खाडी ओलांडते. आई गेली तेव्हा ती आमच्या पडवीत येऊन बसली होती. येणारा प्रत्येक जण असं व्हायला नको होतं म्हणत होता. चंपाबायने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "केसर अजून तिथंच हाय? पेटल्या गलबतावर?" प्रकाशकांनाही शेवट हवा आहे, पण त्यांना मी थांबवू शकते. चंपाबायला काय सांगणार?

मी वाचायला लागते. इंजिन पुन्हा सुरू झालं आहे.

"'समुद्र शांत होता. जणू त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. केसरने अखेरचं क्षितिजाकडे पाहिलं आणि तिच्या मनात...'"

"काल पापलेट काय भावानं दिलंस गो?" चंपाबाय शेजारणीला विचारते.

मी थांबते. आई खाडीकडे बघते आहे. तिच्या पाठीवरून मला कळतं.

"हसू नकोस, आई."

"मी कुठे हसतेय? वारा लागतोय." ती वळते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आहे, हसण्याचं. "वाक्यं चांगली आहेत गं. जमिनीवरची आहेत. जमिनीवर माणूस दार लावून विचार करत बसू शकतो. होडीत विचारसुद्धा पाणी उपसत करावा लागतो. या बायकांचा दिवस तसाच जातो. त्यांच्या दिवसापेक्षा जोरात पळणारं काहीतरी दे त्यांना. थांबलेलं कशाला देतेस?"

"पण तूही एकदा केसरला मारणार होतीस."

"होते. मग नारळ विसरलीस?"

विसरणं शक्य नाही. खूप वर्षांपूर्वी एका श्रावणात आई कंटाळली होती. केसरला भोवऱ्यात सोडून तिला संपवायचं तिने ठरवलं होतं. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर सगळ्यांनी दर्याला नारळ दिले. चंपाबायने दोन सोडले. एक नवऱ्याच्या होडीचा. दुसरा कुणाचा, असं आईने विचारलं. "केसरचा," चंपाबाय म्हणाली. "कागदातली हाय, ठाऊक हाय मला. पण मी दर्याला नारळ दिलाय. आता तू तिला मारलंस तर माझं तोंड काय ऱ्हायलं दर्यापुढं?" आईने घरी येऊन आख्खं प्रकरण फाडलं. त्यानंतर दर श्रावणात चंपाबायने केसरचा नारळ चुकवला नाही. आईला मानसन्मान असा कधी मिळाला नाही. कुणी त्याबद्दल हळहळलं की मी त्यांना या नारळाची गोष्ट सांगते.

"हा घे," आई म्हणते.

आम्ही दाभोळच्या स्वयंपाकघरात आहोत. ओट्यापर्यंत समुद्र आला आहे आणि खिडकीतून वारा इतका येतो की माझे कागद उडायला लागतात. आईच्या हातात सोललेला नारळ आहे, शेंडी ठेवलेला, ओला, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा.

"कागदांवर ठेव. आणि बघून वाचू नकोस. सांग."

मी नारळ पानावर ठेवते. ओट्याखाली जाळ दिसतो. ओटा म्हणजे गलबताचं डेक आहे, फळ्या तापल्यात, चंपाबाय टोपली मांडीवर घेऊन तिथेच बसली आहे. आता थांबायला जागा नाही.

"केसरने कुऱ्हाड उचलली," मी म्हणते. "डोलकाठी पेटली होती. तिने बुंध्यावर घाव घातला. आणखी एक. काठी कलली, जळतं शीड घेऊन समुद्रात पडली, तिच्याबरोबर अर्धी आग गेली. केसरने तळाचं झाकण उघडलं. खाली कमरेइतकं पाणी. 'निघा! काठी धरा!' एकेक कैदी वर आला आणि काठीकडे उडी टाकत गेला. एक म्हातारा हलेना. केसर खाली उतरली, त्याला खांद्यावर घेतलं, वर ढकललं."

कुणी पापलेट विचारत नाही. इंजिनाचा आवाजही खाली गेल्यासारखा वाटतो.

"पाणी गळ्यापर्यंत आलं. केसरचा हात झाकणाच्या कडेला पोचला. आणि वरून कुणीतरी त्या हातावर पाय..."

लाँच धक्क्याला लागते.

"कोण?" चंपाबाय उभी राहते. टोपली कलंडते. "कोण हाय वर? बोल की गो!"

आई पदर खोचते, पिशवी घेते. हा धक्का वेलदूरचा नाही. त्याच्यापलीकडे शाळा नाही, रस्ता नाही, नुसता उजेड आहे. तिला इथे उतरायचं आहे हे आम्हा दोघींना कळतं. एक पाय धक्क्यावर ठेवून ती मागे बघते. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"कोण आहे गं वर?"

मला ठाऊक आहे. आत्ता, याच क्षणी ठाऊक झालं आहे. सांगितलं तर ती ऐकून जाईल.

"उद्या," मी म्हणते.

ती थबकते. मग माझ्याकडे न बघता चंपाबायला सांगते, जशी काही आमची ओळखच करून देते आहे.

"ही माझी मुलगी."

"ठाऊक हाय," चंपाबाय मासे गोळा करत फणफणते. "तुझ्यासारखीच छळणारी."

आई मान ताठ करून उजेडात चालू लागते. इतकी ताठ मी तिला कुठल्याही समारंभात पाहिली नव्हती.

पंखा फिरतो आहे. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकून पायाशी आली आहे. मान अवघडली आहे. मी कागद आवरायला घेते आणि हात थांबतो. माझ्या पानावर एक गोल डाग आहे, वाटीच्या बुडाएवढा, मधे ओला, कडेने पांढरा होत चाललेला. त्याच्याखाली 'समुद्र शांत होता' हे वाक्य विरघळून निळं झालं आहे. डागाला काथ्याचा एक धागा चिकटला आहे. माझ्या घरात नारळ नाही, मी खवलेलं खोबरं पुडीतून आणते.

पांढऱ्या कडेवर बोट टेकवते आणि जिभेला लावते. खारट.

ते पान तसंच बाजूला ठेवते. कोरा कागद घेते आणि झाकणाच्या कडेवरच्या त्या हातापासून लिहायला लागते. उद्या सकाळी चंपाबायला फोन लावायचा आहे, लाँच सुटायच्या वेळेला.