अर्थिंगचा खड्डा

आमचा वायरमन कुठल्याही यंत्राला आधी उलटा हात लावतो. तळहात लावला तर मूठ आवळते, मग सुटका नाही, म्हणतो. बोलतो कमी, खेकसतो जास्त.

चैत्रात आमच्या फ्रिजला हात लावला की शॉक बसू लागला. त्यानं परसातला अर्थिंगचा खड्डा बघितला.

"कोरडा ठणठणीत! करंट जमिनीत जायला ओल लागते, काका. हा तर कातळ. पाणी कोण घालतं?"

"बायको घालायची. माघात गेली."

"आणि तुम्ही शॉक खात बसलात?"

"बसलो. काय बिघडलं?"

तो खेकसला नाही. बादली भरून माझ्या हातात दिली, मी ओतेपर्यंत उभा राहिला.

आता रोज सकाळी अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर गाडी थांबवून ओरडतो, "काका, घातलंत काय पाणी?"

घातलेलं असतं. तरी मी गप्प राहतो, म्हणजे तो आत येतो.