सोळाच्या आकड्यामागे

गेल्या पाच महिन्यांत स्टुडिओवाल्याने एकही फोटो सोळाच्या आकड्याखाली काढला नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

लेन्सच्या कड्यावरचा हा ॲपर्चरचा आकडा उलटा चालतो. आकडा जितका मोठा, तितकं आतलं भोक बारीक. भोक बारीक असलं की फोकस थोडा चुकला तरी खपून जातो. नाकापासून मागच्या पडद्यापर्यंत सगळंच रेखीव येतं. चौपन्न वर्षांच्या या माणसाला नेमकं हेच हवं होतं. त्याची लेन्स जुनी, हाताने फिरवायची. आणि कॅमेऱ्यातून बघताना समोरच्याची पापणी कुठे संपते, डोळा कुठे सुरू होतो, हे त्याला कळेनासं झालं होतं. स्टुलापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर त्याने फितीने मोजून ठेवलं होतं. तेवढे फूट कड्यावर लावायचे आणि बाकीचं सोळावर सोपवायचं.

त्याच्या वडिलांनीही हाच स्टुडिओ चालवला होता. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या नजरेत मधोमध डाग पडला आणि वर्षभरात पसरला. पुढची अठरा वर्षं ते माणसं आवाजावरून ओळखत.

बारीक भोकाला उजेड फार लागतो, म्हणून त्याने दोन दिवे वाढवले. गिऱ्हाइकं घामाघूम होऊ लागली. चेहऱ्यांसाठी ठेवलेली पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स काढून त्याने पस्तिसाची लावली. ती माणसाला लहान आणि अख्खं दाखवते, फोकसची चूक आणखी पोटात घालते. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, “चेहऱ्याचा फोटो सांगितला होता, बुटांचा नाही.” स्टुडिओवाला सगळ्यांत मोठ्याने हसला.

फोटो संगणकावर साफ करायचं काम मुलीकडे होतं. एकदा ती म्हणाली की, हल्ली पडद्याची वीणसुद्धा मोजता येते, पूर्वी तुम्ही मागचं सगळं विरघळवून टाकायचात. आता असंच चालतं, असं त्याने सांगितलं.

सोमवारी शिवणकाम करणाऱ्या बाई नव्वदीच्या आईला घेऊन आल्या. दिव्यांनी म्हातारीचं डोकं दुखायचं, म्हणून खिडकीशीच फोटो घ्या म्हणाल्या. म्हातारीची मान सतत हलत होती. खिडकीच्या उजेडात सोळावर फोटो घ्यायचा तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार, आणि तेवढ्यात मान हलून चेहरा पुसट येणार. आकडा दोनवर आणून भोक सताड उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चेहऱ्यासाठी त्याने पंच्याऐंशीची लेन्स परत लावली; तिच्यात दोनवर बोटभर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. डोळा धरला की कान पुसट. त्याने अंदाजाने बारा फोटो काढले आणि दोघींना संध्याकाळी यायला सांगितलं.

मुलीने ते संगणकावर एकामागून एक उघडले. पहिल्यात कान स्पष्ट होता, दुसऱ्यात गळ्याजवळचं बटण, तिसऱ्यात खुर्चीची पाठ. बारांपैकी एकातही डोळे स्पष्ट नव्हते. तिने उठून दाराला कडी लावली.

“कधीपासून?”

“पाच महिने.”

आईला माहीत आहे का, असं तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग ड्रॉवरमधून काळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याला मधोमध सुईचं भोक होतं. त्याने हिशेब समजावला: भोकातून बघून स्पष्ट दिसलं, तर बिघाड डोळ्याच्या भिंगात, चष्म्याने भागेल. नाहीच दिसलं, तर डोळ्याच्या आतली मागची फिल्म गेली. आजोबांची गेली होती तशी.

“मग बघितलं का नाहीत?”

“बघितलं की कळतं ना.”

तिने त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर, दहा फुटांवर उभं केलं. त्याने डावा डोळा झाकला आणि उजव्याशी कार्ड धरलं. धूसर तारखा एकेक करून उभ्या राहिल्या. त्याने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग त्याने कार्ड डाव्या डोळ्याशी नेलं.

“दिसलं,” तो लगेच म्हणाला.

“वाचा. बोट ठेवलंय तिथलं.”

त्याने कार्ड वर केलं, खाली केलं.

“बाबा.”

“कडेचं दिसतंय गं. तुझं बोट नाही दिसत.”

तिने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी वय आणि तक्रार विचारली, तेव्हा त्याने फोन तिच्या हातातून घेतला. डाव्या डोळ्यात मधोमध डाग आहे, सरळ रेघ वाकडी दिसते, वडिलांनाही होतं, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. रेघेचं मुलीलाही आत्ताच कळत होतं. उद्या सकाळी येतो, असं तो म्हणाला.

“उद्या नको,” बाई म्हणाल्या. “आत्ता निघा. कुणाला तरी सोबत आणा.”

एवढी घाई का, हे त्यांनी सांगितलं नाही. मुलगी चपला घालून दाराची कडी काढत होती, तरी तो फोन कानाशी धरून तसाच उभा होता.