शहेनशहाचं टंगस्टन

कल्पना करा, तुमच्या हातात माईक आहे. समोर लग्नाच्या हॉलमधल्या सोनेरी खुर्च्यांवर चारशे मुलंमुली दाटीवाटीनं बसलीत. सानविया, म्हणजे शाळेची शेवटची आणि जन्माचं ठरवणारी परीक्षा, तोंडावर आली आहे. आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यातले संक्रमण धातू आज त्यांच्या डोक्यात कोंबायचे आहेत. काय कराल?

माझे मामा, उस्ताद वगदी अल-सव्वाफ, आधी धूर सोडतात. मग ढोल. मग स्कँडियमपासून जस्तापर्यंतची नावं वरातीच्या चालीवर म्हणवून घेतात. जस्त संक्रमण धातू नाही, हे मात्र चालीत बसत नाही म्हणून राहून जातं.

आमच्या तांता शहरात भिंतीभिंतीवर मामांचा फोटो आहे, खाली 'रसायनाचा शहेनशहा'. ही पदवी कुणी दिली? छापखान्याला मजकूर मामांनीच दिला. सरकारी शाळेत नोकरीला होते तेव्हा ते वर्गावर क्वचितच जात. तिथे टाळ्या पडत नसत. त्यांचं तत्त्व एकच: उस्तादानं 'माहीत नाही' म्हणायचं नाही. म्हटलं की पोरं कालव्यापलीकडच्या उस्ताद आतेफच्या शिकवणीला पळाली. तोही शहेनशहाच आहे.

त्या दिवशी पडद्यावरची चित्रं मी बदलत होतो. मामा क्रोमियमवर आले. हा अणू बाहेरचा एक इलेक्ट्रॉन आत ओढतो, म्हणजे आतल्या पाच जागांवर, प्रत्येकीत दोघं मावत असूनही, एकेकच जण बसतो.

"पाच खुर्च्या, पाच पाहुणे, भांडण नाही!" मामा गरजले. "अर्धा भरलेला हॉल सगळ्यात शांत!"

सगळ्यांनी घोकलं. रदवा नावाची एक मुलगी उभी राहिली.

"उस्ताद, क्रोमियमच्या खालचं मॉलिब्डेनमही असंच करतं. त्याच्याखालचं टंगस्टन?"

"तेही! बापाची खोड लेकात, लेकाची नातवात."

"पण पुस्तकात टंगस्टनच्या आत चार आणि बाहेर दोन दिलेत."

मामांनी घाम पुसला. "परीक्षेत टंगस्टन विचारतात का गं?"

"नाही."

"मग काय, लग्न ठरलंय तुझं त्याच्याशी?"

हॉल हसून लोळला. ढोलवाल्यानं दोन थापा मारल्या. रदवा खाली बसली, पण वही मिटून.

जेवायच्या सुट्टीत मी म्हणालो, "मामा, पुस्तक बरोबर आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग सांगून टाका. चुकलो म्हणा."

"म्हणजे संध्याकाळी आतेफच्या हॉलात खुर्च्या कमी पडतील. तू इंजिनियर होणार ना? मग एक काम कर. सारणीतला टंगस्टनचा चौकोन पुसून टाक."

मला वाटलं, थट्टा आहे. नव्हती. मी पुसला. टँटालम आणि ऱ्हेनियम यांच्यामध्ये पांढरं भोक, पडलेल्या दातासारखं. एवढा निलाजरेपणा मी फक्त टूथपेस्टच्या जाहिरातीत पाहिला होता.

सुट्टीनंतर ती सारणी पडद्यावर आली. रदवानं हात वर केला. "उस्ताद, चौऱ्याहत्तर नंबरचा पाहुणा कुठे गेला?"

क्षणभर मला वाटलं, गेलं सिंहासन.

"हजला गेलाय!" मामा म्हणाले. "परत आला की तुझ्यासाठी खजूर आणेल."

शिट्ट्या, टाळ्या, धूर. एकही पोर कालव्यापलीकडे गेलं नाही. रदवासुद्धा नाही, कारण हाच प्रश्न विचारल्यावर आतेफनं तिला आदल्या आठवड्यातच 'छपाईची चूक' म्हणून वाटेला लावलं होतं.

परतताना मामांनी रसवंतीपाशी गाडी थांबवली. मामांना नोटा मोजताना बघायची तयारी मी ठेवली होती. पण उसाचा रस हातात तसाच धरून ते समोरच्या काचेकडे बघत राहिले.

"कॉलेजात सांगतात," मी म्हणालो, "जड अणूत इलेक्ट्रॉन फार वेगानं पळतात, त्यामुळे बाहेरची जागाच खाली खचते आणि तिथले दोघं तिथेच बसून राहतात."

"हे मला नको ऐकवू, मीही वाचलंय. पाठ आहे." ते चिडले. मग आवाज उतरला. "वीस वर्षं ओरडतोय, अर्धा हॉल शांत, अर्धा हॉल शांत. ते कारण खरं असेल तर टंगस्टनला का पुरत नाही? आणि खरं नसेल, तर मग क्रोमियम तरी तसं का वागतं रे?"